जिन्याच्या रंगाला तीन चतुर्थांश

सन्माननीय अध्यक्ष महोदय, तितकेच सन्माननीय दुसरे अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती चिटणीसबाई, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आपण लहानथोर सगळेच ताई म्हणतो, अ इमारतीतील बंधुभगिनींनो आणि ब इमारतीतील बंधुभगिनींनो,

यात पहिले अध्यक्ष कोण आणि दुसरे कोण, हे मी मुद्दामच सांगितलेलं नाही. दोघांनीही आपल्यालाच पहिले समजावं. मागच्या महिन्यापर्यंत या व्यासपीठावर अध्यक्षांची एकच खुर्ची असे. आज दोन आहेत आणि मधलं टेबल एकच, म्हणून दोघांची कोपरं एकमेकांना लागताहेत. चालायचंच. वेगळं झाल्यावर माणसं जास्त जवळ येतात, असं ऐकून होतो. आज बघायला मिळालं.

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. भाषण हा माझा धंदा नाही. माझा धंदा ब इमारतीच्या कोपऱ्यावरचं सलून. कुंपणाच्या भिंतीला आरसा टेकवून एका खुर्चीवर सुरुवात केली, आता चार खुर्च्या आहेत. या धंद्यात हात चालतो आणि कान उघडे राहतात. गिऱ्हाइकाला वाटतं, मानेवर वस्तरा आहे तोवर हा माणूस बहिरा असतो. त्यामुळे आपल्या सार्वमतात कोणी कुठे मत टाकलं, याची मला चिटणीसबाईंपेक्षा जास्त माहिती आहे. घाबरू नका, आज सांगणार नाही. सगळं तरी नाही.

डॉक्टरसाहेब बाहेरचे आहेत, म्हणून थोडक्यात हकिगत सांगतो. आपल्या दोन इमारती, सोसायटी एक. लिफ्ट फक्त अ इमारतीत. पाण्याचा पंप फक्त ब इमारतीत. आणि तिसऱ्या मजल्यावर दोन्हींना जोडणारा पूल. पूल म्हणजे काय, वाळत घातलेली चादर चुकवत एका दमात ओलांडावा एवढा. अ मध्ये तिसऱ्या मजल्यावर चिटणीसबाई, ब मध्ये तिसऱ्याच मजल्यावर ताई. ताईंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. म्हणून त्या पुलावरून बहिणीकडे यायच्या आणि बहिणीच्या दारातून लिफ्टने खाली. डॉक्टरसाहेब, तुमच्या दवाखान्यात त्या आल्या, त्या अशाच आल्या.

आता ब इमारतीचं म्हणणं, लिफ्ट त्यांच्या दारात आणि खर्च आमच्या माथी. अ इमारतीचं म्हणणं, पंप यांच्या अंगणात आणि पाणी सोडायचं यांच्या मर्जीने. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं, की एकदाचं सार्वमत घेऊन टाकू. सोसायटी एक ठेवायची की दोन करायच्या?

इथे आपल्या नियमावलीचा विषय निघतो. बाईंनी उभी हयात कोर्टात शिरस्तेदारी केलेली. त्यांनी नियमावली उघडली. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका रविवारच्या सभेला मोजकी टाळकी हजर असताना, आपण जिन्याला हिरवा रंग लावून घेतला होता. नुसता हिरवा नाही, बाटलीचा हिरवा. दुसऱ्या दिवशी जिना चढणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, आपण औषधाच्या बाटलीत शिरलो. केवढा गहजब झाला! लगेच कलम घातलं: जिन्याचा रंग बदलायचा तर तीन चतुर्थांश सभासदांची संमती हवी. बाकी सगळ्या प्रश्नांना निम्मे अधिक एक.

या 'बाकी सगळ्या' मध्ये सोसायटी फोडणंही येतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. का यावं? फोडायची कोणाला होती?

मतदानाच्या आठवड्यात माझ्या खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. मत द्यायला माणूस दाढी करून का जातो, मला कळलेलं नाही. एक निवृत्त प्राध्यापक आहेत, इमारत सांगत नाही. गालाला साबण लावलेला, म्हणाले, "मी वेगळं होण्याच्या बाजूने मत देतोय."

मी म्हटलं, "सर, तुम्ही? परवा तर एकीवर भाषण ठोकलंत."

"अहो, होतंय थोडंच! जरा अध्यक्षांना चटका बसू दे."

"आणि झालं तर?"

"तुम्ही कल्ला सारखा करा हो. डावा वर गेलाय."

असे किती जण! प्रत्येकाला खात्री, की आपण चटका देणार आणि शहाणपणाने मत देण्याचं काम बाकीचे करणार. एका चहाला जमावेत एवढे लोक निव्वळ चटका द्यायला गेले.

मग मोजणी, याच सभागृहात. बाईंनी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा मोजल्या आणि उभ्या राहिल्या. "एका मताच्या फरकाने ठराव मंजूर. सोसायट्या दोन होतील. सामायिक जागा विभागल्या जातील. तिसऱ्या मजल्यावरचा पूल दोन्ही टोकांना बंद करण्यात येईल."

चटका द्यायला गेलेले एकमेकांकडे बघू लागले. आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "अगं, म्हणजे झालं की काय?"

बाई म्हणाल्या, "झालं, ताई."

"पण मी तर नुसतं... लिफ्टवरून तू सारखी बोलतेस म्हणून..."

"गप्प बस. मतदान गुप्त असतं."

ताई, हसताय म्हणून सांगायचं धाडस केलं. नाहीतर हे गुपित मी पोटात ठेवणार होतो, सगळ्या सभागृहासारखंच.

त्यानंतर जे झालं ते आपण पाहिलं. जे जिंकले त्यांचीही तोंडं पडलेली. तेव्हाचे अध्यक्ष ताडकन उठले: "एका मताने घर फोडायचं? असल्या प्रश्नाला दोन तृतीयांश हवेत. आपण नियम बदलू, मागील तारखेपासून!" टाळ्या पडल्या. जोराने कोणी वाजवल्या माहीत आहे? प्राध्यापकांनी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पत्ते उघडे पडल्यावर हुकूम बदलता येत नाही."

त्या ठरावाने सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं होत होतं? नियम वाकवला असता तर सगळ्यात जास्त फायदा कोणाचा होता? त्याच बाईंनी तो वाकवू दिला नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. म्हटलं, "बाई, निम्मे अधिक एक हा न्याय आहे का?"

"दोन तृतीयांश तरी न्याय आहे का? म्हणजे उरलेल्या एक तृतीयांशाने सगळ्यांना धरून ठेवायचं. तुमचा जिना बघा. हिरवा रंग कोणाला आवडतो?"

"कोणालाच नाही."

"मग बदलला का नाही? कारण त्याऐवजी कोणता, यावर तीन चतुर्थांश कधी जमत नाहीत. पोपडे निघाले, पण हिरवा जात नाही. अशी सोसायटी चालवायची?"

खरंच आहे ते. अर्ध्याअधिक लोकांना जे हवं, ते थोड्यांनी अडवून धरायचं, हीही एक दादागिरीच. मग मी माझ्या धंद्यातलं सांगितलं. "बाई, लांब केस कापून टाका म्हणून कोणी आलं, तर मी दोनदा विचारतो. एकदा खुर्चीत बसताना आणि एकदा केस ओले केल्यावर. ओले केस अंगाला चिकटले की माणसाला खरं काय ते कळतं. तसं सोसायटीलाही दोनदा विचारावं. मधे एक उन्हाळा जाऊ द्यावा. निम्मे अधिक एकच, पण दोन्ही वेळा."

"आणि दुसऱ्या वेळी एक मत उलट पडलं तर? पहिल्या वेळचे म्हणणार, आमचं काय चुकलं? मग तिसऱ्यांदा विचारणार?"

कोर्टात आयुष्य काढलेल्या बाईशी वाद घालू नये. तरी मी शेवटचं म्हटलं, "केस कापायला गिऱ्हाइकाचा एक होकार मला पुरतो, कारण केस परत येतात. उद्या कोणी म्हणालं कान काप, तर मी घरच्यांनाही विचारीन."

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी. म्हणाल्या, "हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. पण पुढच्या वेळेसाठी. झालेल्यासाठी नाही."

म्हणून कळवायला आनंद होतो, की आता दोन्ही सोसायट्यांच्या नव्या नियमावल्या तयार झाल्या आहेत. मी दोन्ही वाचल्या. दोन्हींत जिन्याच्या रंगाला तीन चतुर्थांश आणि बाकी सगळ्याला निम्मे अधिक एक. जुन्यावरूनच उतरवून घेतल्या, वेळ वाचला. उद्या अ इमारतीचे अ-एक आणि अ-दोन झाले, तर नियमाचा प्रश्न येणार नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. पुलाचा विषय निघाला तेव्हा दोन्ही कमिट्यांनी वेगवेगळ्या सभा घेतल्या आणि दोन्हींत एकमताने ठरवलं, की एकट्या ताईंसाठी पूल उघडा ठेवावा. एकमताने! आपल्या इतिहासात पहिल्यांदा. दोन्ही अध्यक्ष फुलं घेऊन ताईंकडे गेले. मी मागे होतो, पेढ्यांचा पुडा माझ्याकडे होता.

ताईंनी विचारलं, "आणि माझ्याकडे कोणी आलं, तर त्यांनाही जाऊ द्याल?"

एक अध्यक्ष म्हणाले, "तसा अर्ज आला तर विचार करू."

"म्हणजे मी रोज तुमच्या मेहेरबानीवरून चालायचं. अहो, तो माझाच होता. विचारावं लागत नव्हतं. घालवला तोही मीच. पेढे ठेवा, फुलं घेऊन जा."

मी बाईंना म्हटलं, ताईंना तुमच्याकडेच राहायला आणा, लिफ्ट दारात आहे. तर ताईच आतून ओरडल्या, "आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात? आठवड्यात दुसरं सार्वमत लागेल!"

तेव्हा बाईंनी लिफ्टचं घर सोडायचं ठरवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरची दोन घरं घेतली, शेजारीशेजारी. उद्या सकाळी टेम्पो येईल. ताई पुलावरूनच लिफ्टकडे जातील. गवंड्याला आम्ही दुपारनंतर बोलावलं आहे. यावर मात्र कोणी मतदान मागितलं नाही.

घरं बघायला मी बरोबर गेलो होतो. दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक दार आहे. बाईंनी बाकी काही बघण्याआधी त्याची कडी काढून-लावून पाहिली. मी गमतीने विचारलं, "बाई, या दाराचा नियम काय? निम्मे अधिक एक, की दोन तृतीयांश?"

त्यांनी जराही विचार केला नाही. म्हणाल्या, "उघडायला एकीचं मत पुरे. कायमचं बंद करायचं असेल, तर दोघींचं लागेल."

दोन्ही अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डॉक्टरसाहेबांनी घड्याळाकडे न बघता ऐकलं आणि तुम्ही सगळे, अ आणि ब, खुर्च्या सरमिसळ करून बसलात, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला वस्तरा लागला असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं. माफीसाठी सभा बोलावू नका. एकेकाने आपापल्यापुरती केली तरी मला चालेल.