रुईला बांधलेले लाल दोरे

—न्हाय न्हाय, शेत हेच हाय, चुकली न्हाईस तू. बांध बी हाच. रुया न्हायत आता, म्हणून वळखू येईना तुला. बस ह्या लिंबाखाली, पाणी पी. तूच ना ती धाराशिवच्या कॉलेजातली शिवांजली? नाव घेतलं हुतं रुद्रम्मानं. माझी धाकटी जाऊ ती, ह्या बांधावर काम कराय तुला परवानगी दिलेली. घरी न्हाय ती. माहेरी गेलीया, अक्कलकोटच्या पलीकडं. कशापायी म्हंजी? जातंय माणूस माहेराला! ते ऱ्हाऊ दे. मला सांग, अंडी घालाय फुलपाखराला रुईच कशाला लागती?

पायानं? पायानं चव घेतंय म्हणतीस? आगं बया! म्हंजी वास काढत यायचं, पानावर बसायचं, पुढच्या पायानं टकटक करून बघायचं — ह्येच का पान, माझ्या अळीला खाता येईल का — आन् मग पानाखाली एकच अंडं चिकटवून जायचं? चुकलं तर? हां, उपाशी मरती अळी. दुसरं कायच खात न्हाय म्हणल्यावर मरंलच की. ते भगवं, काळ्या काठाचंच न्हवं? बघितलंय म्या. रुया गेल्यावर चार रोज येत हुतं इथं. सोयाबीनवर बसायचं, टकटक करायचं, उठायचं — परत बांधावर, परत सोयाबीनवर. मला काय ठावं, पोटात अंडी घिऊन फिरतंय म्हणून?

गेल्या म्हंजी — म्या खांदल्या. समद्या. तुराट्या टाकून पेटवल्या. बघू नको अशी माझ्याकडं, सांगते. शनवार हुता. मारुतीच्या माळंला पानं तोडाय आले, तर एकेका रुईला लाल दोरा, गाठ मारून. आमच्यात रुईला असा दोरा कोण बांधतंय? करणी करणारं. आन् आदल्याच आठवड्यात माझ्या सुनंचं, ज्ञानेश्वरीचं, तिसऱ्या महिन्यात गेलं हुतं — दुसऱ्यांदा. डोकं ठिकाणावर हुतं का माझं? रुया पेटवल्या आन् तशीच गेले मारुतीच्या पारावर. रुद्रम्मा तिथं तेल घालाय आलती. समद्या आळीदेखत म्हणलं, तुझी कूस उजवली न्हाय म्हणून माझ्या सुनंची बांधलीस व्हय? ह्या तोंडानं म्हणलं. आन् माझा ल्योक रणधीर तिच्याच कडंवर वाढलाय! म्या टायफाईडनं पडले तवा दोन वर्साचा हुता, तिनं भरवलं त्येला. ती सांगत हुती, अक्का, कॉलेजची पोरगी आलती, फुलपाखराची अंडी हायत, खुणंला दोरं बांधलेत — म्या म्हणलं, खोटारडी! बाया हासल्या. फुलपाखराची अंडी म्हणं! रडली बी न्हाय ती. पदर सावरला, घरला गेली. दुसऱ्या दिशी पहिल्या येष्टीनं माहेर.

न्हाय गं, तुझी काय चूक त्यात? तू इचारून बांधलंस. दोन महिनं झालं. महारुद्र भाऊजी, तिचा नवरा, सोताच्या हातानं भाकरी थापत्यात, माझ्या हातचं पाणी बी पित न्हाईत. तू एक करशील का पोरी? चल माझ्यासंगं. तिला सांग, आळीतल्या बायास्नी बी सांग — दोरं माझं हुतं, कमलबाईला ठावं न्हवतं. आजच कळलं म्हणावं. तू शिकलेली, तुझं ऐकत्यात. तू बोललीस की मिटंल समदं.

काय? चिठ्ठी? दोऱ्याला चिठ्ठी हुती व्हय... प्लॅस्टिकातली...

हुती. दोरं जळलं, एक चिठ्ठी तेवढी मातीत पडल्याली. त्याच सांजंला गावली. कॉलेजचं नाव, तुझा नंबर, आन् खाली — अंडं हाय, हात लावू नये. चौथी शिकलेय म्या, वाचाय येतंय मला. वाचली आन् चुलीत घातली. का म्हंजी? परत पारावर जाऊन कुठल्या तोंडानं सांगू, म्या चुकले म्हणून? लाज वाटती गं. एवढंसं पाखरू पान चाखल्याबिगर अंडं ठिवत न्हाय, आन् म्या तिचं धड ऐकून बी घेतलं न्हाय. तीस वर्सं एका घरात ऱ्हायलो आमी.

फोन? माझा उचलत न्हाय ती. तुझ्यावरनं? लाव. पर तूच बोल, माझं नाव काढू नको, म्या हितं हाय म्हणून सांगू बी नको — वाजतंय? उचलला? थांब. न्हाय, तू नको बोलू. दे हिकडं. दे म्हणते ना!

रुद्रम्मा, म्या कमल. ठिवू नको गं, पाया पडते तुझ्या. ती दोऱ्याची पोरगी आलीया. व्हय, तूच खरी हुतीस. न्हाय... न्हाय, आज न्हाय कळलं मला. तू येष्टीत बसलीस ना, त्येच्या आदल्या सांजंलाच कळलं हुतं.