आमच्या गल्लीला शांतता

...पण शांतता मागितली कोणी होती हो? मी तर नाही! निवडणुकीच्या पत्रकावर मात्र ठळक अक्षरांत, 'आपल्या शांत परिसरासाठी आपला माणूस', आणि खाली काय, तर भोंगे बंद, मोकळ्या जागेत झाडं, झाडांखाली बाकडी... तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, 'पुढे सरका, पुढे सरका' करत गर्दीत उभा राहिलो, आता बायको जाऊन तीन वर्षं झाली, घरात पुढे सरकायला मी एकटाच, आणि हे म्हणतात, आमच्या गल्लीला शांतता!

बरं, परवा मागच्या गल्लीत इस्त्रीला कपडे टाकायला गेलो, तर तिथे त्याच उमेदवाराचा फलक. तोच चेहरा, तेच जोडलेले हात, पण मजकूर? 'खेळाचं मैदान, रोज संध्याकाळी सामने, रविवारी गाणी!' आणि जागा कुठली? तीच! आमच्या बाकड्यांवरच यांची खेळपट्टी... इस्त्रीवाला म्हणतो, "काका, वाचताय की पाठ करताय?" काय सांगू त्याला, जीव तुटला हो माझा. रोज संध्याकाळी आरडाओरडा, माझ्या खिडकीवर चेंडू, मग तो मागायला कोणीतरी दार वाजवणार... मला तेच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी प्रचाराची बाई आली, झोळीत पत्रकांचे दोन गठ्ठे. म्हटलं, "ताई, मला मागच्या गल्लीचं द्या." तर म्हणे, "आजोबा, ते इकडे नाही वाटायचं. इकडे सगळे वयस्कर, तुम्हाला आवाजाचा त्रास होतो ना?" म्हटलं, "मला न येणाऱ्या आवाजाचा होतो." ती गोड हसली, यादीत माझ्या नावापुढे कसलीशी खूण केली आणि "पाणी नको, अजून चाळीस घरं आहेत" म्हणत गेलीसुद्धा. पेला भरून आणला होता, तो मीच प्यायलो. आमच्या गल्लीला शांतता...

मग मीही हट्टाला पेटलो. मागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन हात पुढे करून उभा राहिलो. पत्रकं वाटणाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजोबा, वाट चुकलात का? चला, घरी सोडतो." आणि सोडलं की हो! हाताला धरून, गप्पा मारत, थेट दारापर्यंत... खोटं कशाला बोलू, मी त्याला मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं.

पत्रक राहिलंच, पण मत त्यांनाच दिलं. म्हटलं, निवडून आले की मैदानाचं बोलू. आले निवडून. नवीन पत्रक आलं, तेही दाराखालून, कडी न वाजवता... 'सर्वांचे मनःपूर्वक आभार.' तसाच पायात चपला सरकवून मागच्या गल्लीत गेलो, तर तिथेही तेच, अक्षरन् अक्षर! आता सहा महिने झाले, त्या मोकळ्या जागेत ना बाकडं, ना मैदान, नुसतं गवत. मागच्या गल्लीतले शिव्या घालतात त्यांना, म्हणतात फसवलं.

मी कुठल्या तोंडाने बोलू? प्रचार संपल्यापासून माझ्या दाराची कडी एकदाही वाजलेली नाही... आमच्या गल्लीला दिलेला शब्द त्यांनी पाळलाय.