नोर्बूभाऊचं तीर्थ

काय सांगू ताई तुमाला, आमचं मूळ गाव अक्कलकोटच्या पल्याड, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, म्हणून आईला मी अव्वा म्हणतो. वडील लवकर गेले, मग अव्वा मला घिऊन सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात आली, मांडीवर सूप घिऊन दिवसभर विड्या वळायची, त्यावरच मी वाढलो. शाळा काय लई झाली न्हाय. पाण्याच्या टाक्या, कारखान्याच्या चिमण्या रंगवायचं काम लागलं, कमरंला डबा बांधून दोरीला लोंबकळत रंग मारायचा, मला त्याचं भ्या कदी वाटलंच न्हाय. तितंच आमच्या सरांनी मला बगितलं. सर म्हंजी पोरांना गडकिल्ल्यावर नेणारे, ते म्हनले दोरीवर असा हात बसलेला माणूस मला पायजे, लडाखला बर्फाच्या शिखरावर येतोस का. येतो म्हनलो. घरकुलातल्या बायकांनी मिळून कानटोपी आन् शेंगाचटणीचा डबा दिला. अव्वानं एकच सांगितलं, श्रावण हाय, सोमवार मोडू नगंस.

सोमवार आमच्यात लई कडक बरं का. दिवस मावळून महादेवापुढं दिवा लागस्तवर पाण्याचा घोट बी न्हाय. मी चिमणीवर भर उन्हात धरलाय.

तर बेस कॅम्प. दगडगोट्याचं माळरान, चार तंबू, आन् समोर ते शिखर. मला वाटलं आता चढायचं, तर सर म्हनले आज वरच्या कॅम्पला सामान ठिवायचं आन् परत हितंच येऊन झोपायचं. मी म्हनलो हे कसलं काम सर, चढलेला माणूस रंग न मारता उतरतो व्हय? सर हसले, म्हनले अंगाला विरळ हवेची सवय लागू दे, सावकाश घे, आन् पाणी पी, सारखं पी. खोटं न्हाय सांगत ताई, एक बूट बांधला की दम लागायचा, मग दगडावर बसायचं, मग दुसरा.

वर सामान टाकून आलो, दुसऱ्या दिवशी आराम, आन् तो सोमवार. मी सकाळीच सांगून टाकलं, आज माजा उपास, पाणी बी न्हाय. सर म्हनले येडा का खुळा, हितं असलं चालत न्हाय. मी म्हनलो सर, हिमालय म्हंजी महादेवाचं घर, त्याच्याच दारात त्याचा उपास मोडू व्हय? लई वाद झाला, मी काय ऐकतोय. दुपारपतूर डोकं ठणकाया लागलं, उलटी झाली, जीभ टाळूला चिकटली. सरांनी बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, आकडा बगितला, म्हनले पाणी पी, न्हायतर उद्या घोडेवाल्याबरुबर खाली जायचं, तुजी मोहीम संपली. मी गुडघ्यात डोकं घालून रडलो. वर जायचं व्हतं मला, लई जायचं व्हतं. विड्या वळून वळून जिनं डोळे घालवले तिचं पोरगं वर उभं ऱ्हायलेलं घरकुलाला दाखवायचं व्हतं. पण तिला दिलेला शब्द बी खरा की.

आमचा सैपाकी नोर्बूभाऊ, तितलाच, लडाखचा. त्यानं समदं ऐकलं व्हतं. तंबूच्या म्होरं रंगीत पताका बांधलेला दगडांचा ढीग व्हता, त्यांचा देव तो. नोर्बूभाऊ किटली घिऊन आला, त्या दगडावर धार सोडली, हात जोडले, आन् उरलेली किटली माज्याम्होरं धरून म्हनला, भाई, ये तीर्थ है. आता तीर्थाला न्हाय कसं म्हणायचं ताई? उपासाला तीर्थ चालतं, अव्वा सवता घेती. मी ओंजळ पुढं केली. पाणी कोमट, त्यात मीठ, साखर. मी त्याच्याकडं बगितलं, तो शिखराकडं बगत व्हता. बास म्हनलो तर म्हनला, तीर्थ आधा नहीं छोड़ते. किटली संपली की परत भरायचा, परत दगडावर धार, परत ओंजळ. सर लांबनं बगत व्हते, त्यांनीच मान हलवली, दे म्हनून. दिवा लागायच्या आदी डोकं उतरलं, मशीनचा आकडा बी बरा आला. सर म्हनले, ऱ्हा.

म्होरं वर पोचलो, फोटो तुमी भिंतीवर बगितलाच. त्या माणसाचं देणं मी कसं फेडू? तितं वर हुभं ऱ्हाऊन नोर्बूभाऊच्या नावानं बर्फावर घोटभर पाणी सोडलं, दुसरं काय व्हतं माज्याकडं.

आता अव्वाला बीपीच्या गोळ्या हायत्या. सोमवार आला की गोळी न्हाय, पाणी न्हाय, आन् वर आमचं सोलापूरचं ऊन. डॉक्टर वराडतो, ती ऐकत न्हाय, माजीच आई ती. मग मी कोनाड्यातल्या पिंडीवर पाणी वततो, उरलेला तांब्या आन् गोळी तिच्याम्होरं धरतो, अव्वा, तीर्थ. पयल्यांदा डोळे वटारले तिनं, तिला समदं ठावं की, मीच सांगितलेलं. साक मगा, म्हनली, म्हंजी पुरं कर पोरा. पण ओंजळ पुढं केली. आता दर सोमवारी घोट घ्यायच्या आदी ती मला इच्यारती, तुजा नोर्बू बरा हाय न्हवं रं? मी म्हणतो बरा हाय. त्याच्या लेकराबाळांना सुखी ठिव महादेवा, आसं म्हणती, आन् मग पिती, समदा तांब्या पिती.