देवाच्या घरचं सोयर

मंडळी, आख्यानाला सुरुवात करण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. देवाच्या जागेत राहणाऱ्याला तिथून उठवण्याचा अधिकार कुणाचा? देवाचा, असं म्हणाल. मान्य. पण देव काय म्हणाला, हे ठरवणार कोण?

पुढच्या रांगेतले खाली बघू लागले. म्हणजे प्रश्न पोहोचला. ऐका तर.

डोंगराच्या कुशीत एक वाडी. वाडीच्या वर देवराई, तिच्यात ग्रामदेवाची पाषाणमूर्ती, आणि राईच्या पोटातून निघालेला एक झरा. अख्खी वाडी त्या झऱ्यावर पाणी भरते. राईच्या तोंडाशी भला थोरला बेहडा, दाराशी वडीलधारा बसावा तसा. वाडीचे मानकरी रावजी शितप. माणूस वाईट नाही हो. फक्त देवळापुढे मोठा मंडप व्हावा आणि मंडपावर आपलं नाव असावं, एवढीच साधी इच्छा. बेहडा पाडला की मागच्या झाडांपर्यंत ट्रक जाईल, ती झाडं विकली की मंडपाचे पत्रे येतील, असा त्यांचा हिशेब.

पण देवराईची काडी मोडायची तरी देवाचा कौल लागतो. शंभू गुरवानं ओल्या कळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं, सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले, आणि डावी पडली.

रावजी म्हणाले, “देवाला नीट ऐकू आलं नसेल. जरा मोठ्यानं घाल.”

दुसऱ्यांदाही डावी. तिसऱ्या वेळी रावजी गुरवाकडे असे रोखून बघत राहिले, की बिचाऱ्याकडून डाव्या कळीला पाणी जास्त लागलं. ती चिकटून बसली. उजवी पडली.

“देव हो म्हणाला,” रावजींनी जाहीर केलं.

हसू नका. आपणही डॉक्टर बदलत राहतो, मनासारखं पथ्य सांगणारा भेटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी रावजी गुरवाला आणि करवतवाल्यांना घेऊन आले. पाहतात तर बेहड्याच्या बुंध्याशी भागीकाकी बसलेली. वाडीतली निम्मी माणसं या सुईणीच्या हातांवर जन्मली, खुद्द रावजींचा नातूसुद्धा. समोर निखाऱ्यांवर ओवा-शेपाची धुरी, शेजारी तेलाची वाटी.

“काकी, इथे काय करतेस गो?” रावजींनी विचारलं.

“बाळंतपण. वर ढोलीत माडगरुडाची बायको बसलीय. हळू बोला.”

मंडळी, माडगरुड म्हणजे पुस्तकातला धनेश, आणि या पक्ष्याचा संसार ऐकण्यासारखा आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून स्वतःच लिंपून घेते. चोचीपुरती फट. मग नवऱ्यानं दिवसभर रान पालथं घालायचं, फळं आणायची आणि फटीतून एकेक भरवायचं. बायांनो, एकमेकींकडे बघू नका. घरात ढोली नाही तुमच्या.

रावजी हसले. “पाखराचं कसलं बाळंतपण!”

“पाखरू कुणाच्या रानातलं?”

“देवाच्या.”

“मग देवाच्या घरी सोयर नाही का? नातू झाला तेव्हा दहा दिवस तुम्ही या पायरीला पाय लावला नव्हता. सोयरातल्या देवानं कौल दिलाच कसा?”

करवत तिथेच थांबली. सगळ्यांनी गुरवाकडे पाहिलं. त्याच्या मनावरचं ओझं आयतंच उतरत होतं. तो घाईनं म्हणाला, “कौल बाद. सोयर फिटल्यावर पुन्हा लावावा लागेल.”

“दहा दिवसांत फिटेल ना?” रावजींनी विचारलं.

“पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून दहा,” काकी म्हणाली. “निघालं का ते चढून बघा. तिची चोच मात्र केवढी असते, ते विचारून चढा.”

रावजी चढले नाहीत. पण लबाडी होऊ नये म्हणून रोज झाडाखाली येऊन बसू लागले. नर यायचा, उंबरं भरवायचा. वरून बिया पडायच्या, बहुतेक रावजींच्या टोपीवर. एकदा बूड टोचलं म्हणून उठले, तर खाली गेल्या सालांची रोपं उगवलेली. उंबर, रानजायफळ, भेरला माड. पाडायला काढलेल्या राईची बाळं.

“ही कुणी लावली गो?”

“टोपी काढून बघा. पेरणी चालूच आहे.”

तेवढ्यात डोंगरापलीकडून डोक्यावर हंडा घेऊन एक बाई आली. काकीची मुलगी सुलभा. ती पलीकडच्या गावात दिलेली. त्या गावानं आपली राई तोडली होती. आधी ही पाखरं गेली, मागोमाग सावली आणि झऱ्याची धार.

“पाण्याला एवढ्या लांब?” रावजींनी विचारलं. “तुमच्याकडे मंडप झाला म्हणे मोठा.”

“झाला ना, मामा. छान आहे. त्यातच बसून आम्ही देवाकडे पाणी मागतो.”

हंडा भरून ती गेली. त्याच झऱ्यावर रावजींची सून नातवाचे कपडे धूत होती. रावजी कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले.

पुढे ढोलीचं लिंपण फुटलं, पिल्लू बाहेर आलं, काकीनं सोयर फिटल्याचं सांगितलं. शंभू गुरव कळ्या घेऊन उभा राहिला. “लावू कौल?”

रावजी म्हणाले, “नको. पहिल्यांदाच ऐकू आला होता.”

तर श्रोतेहो, इथे मंडप का नाही, अशी आल्या आल्या माझ्याकडे कुरकूर केलीत ना? मान वर करा. हाच तो बेहडा. गळतो थोडा, पण तो झराही हाच सांभाळतो. मघाशी तुम्ही प्यालात ते पाणी त्याचंच. गाऱ्हाण्याला ‘होय महाराजा’ सगळेच म्हणतात. घरी गेल्यावर एवढंच आठवून बघा, आपल्यापैकी कोण कुठल्या गोष्टीसाठी तिसरा कौल लावून बसलाय.

आणि अध्यक्षमहाराज, तुमच्या टोपीवर आत्ता जे पडलं, ते रुमालानं पुसू नका. हलकेच खाली झटका. उगवू द्या.