माळकऱ्याच्या दारावरून

खर्च कमी करायच्या युक्त्या मला सांगूच नका. तुळिंजला बिल्डिंगमध्ये पाणी टँकरनं यायचं, तेव्हाची गोष्ट. आमचं घर तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. कोळीण मावशी रोज आधी आमच्याच दारात टोपली उतरवायची आणि आमच्या ह्यांचा अर्धा पगार पापलेटात जायचा.

"नाही म्हणायला जीभच रेटत नाही गं," हे म्हणायचे.

शेवटी मी ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळकऱ्याला कोण मासे विकणार?

मावशीनं माळ बघितली आणि ह्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं. "माळकऱ्याच्या दारावरून म्हावरं कसं नेऊ भाऊ? पाप लागंल! आता हा जिना चढनार नाय."

आणि खरंच ती यायची बंद झाली.

रविवारी अख्खी बिल्डिंग आमच्या दारात. सेक्रेटरींनी हात जोडले, "साहेब, माळ काढा. तुमच्या घरचे मासे आम्ही वर्गणी काढून देऊ."

ह्यांनी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माळ काढली.

तेव्हापासून मासे फुकट. पण परवा हे तीच माळ हातात घेऊन मला विचारतात, "अगं, मटणवाल्याला घरपोच यायला सांगू या का?"