कळणारसुद्धा नाही

कॅन्सरच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलेल्या शाळेच्या बाई फाइल मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या दोघी बहिणींकडे टवकारलेले. थोरली शिवणकाम करणारी. गळ्यातली टेप काढायचंही तिला भान राहिलं नव्हतं.

"ताई, मागच्या खेपेसारखी नुसती गाठच काढा म्हणावं."

"विचारलं की मी. तिथं एकदा रेडिएशन झालंय, आता सगळा स्तन काढलेलाच बरा, म्हणाले. हवं तर पोटाचं मांस घेऊन नवा करतात."

"मग घे ना करून!"

"एवढं मोठं ऑपरेशन? नुसत्या विचारानंच सकाळपासून सुईत दोरा ओवता येईना."

"मग आतून पॅड लाव. तूच नाही का कितीजणींना शिवून दिलेस?"

"दिले ना. प्रत्येकीला सांगायचे, बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"मग झालं तर!"

"मला कळायचं गं. तिनं दारातून आत पाऊल टाकलं की लगेच."

"अगं बाई! आणि त्या बायकांना? तुला कळलंय, हे त्यांना समजायचं?"

"तेच आता कळेल मला."