सगळे घरी गेल्यावर द्यायचं दान

माझा जन्म आखाडा बाळापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बौद्धवाड्यात आमच्या दोन खोल्या. बाप मी सातवीत असतानाच गेला, मंग मायनंच आमाला तिघांना वाढवलं, मोठी शोभाअक्का, मंग मी नामदेव, मंग गौतम. अक्का डोंगरकड्याला दिली, गौतम हिंगोलीला एका शाळेत शिपाई हाय, आन् मी बारावी झालो तसा वारंगा फाट्यावरच्या वजनकाट्यावर लागलो, ते आजपर्यंत तिथंच, बावीस वर्सं झाली. काट्याचं काम तसं सोपं असतं. गाडी आधी भरलेली जोखायची, मंग खाली करून जोखायची, वजाबाकी केली की माल किती ते कळतं. एकच वजन घेतलं तर त्या पावतीला काही अर्थ न्हाई. हे मी मुद्दाम सांगून राहिलो, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं.

मायनं जन्मभर हळदीचं काम केलं. हळद काढायची, शिजवायची, वाळली की ढोलात घालून घासायची. त्या धुळीनं तिचा खोकला कधी गेलाच न्हाई. मजुरीतले आन् पुढं निराधारच्या पगारातले असे करून तिनं पोस्टात साठ हजार टाकले. काय सांगू तुमाला, ते साठ हजार म्हणजे तिचं सगळं आयुष्यच, दुसरं तिच्या नावावर काहीच न्हाई, एक चष्मा आन् एक काठी.

तर दीडेक वर्सामागं पोळ्यानंतर लई मोठा पाऊस झाला, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. आमच्या फाट्यावरून मदतीच्या गाड्या जायला लागल्या, पुढं कापडी फलक, वर पोरं. मालक म्हणले, नामदेव, ह्या गाड्यांचे पैसे घ्यायचे न्हाई. मी घेतले न्हाई. एक टेम्पो असा भरून गेला आन् तिसऱ्या दिवशी वापस आला. डायवर सलीमभाई माझ्या वळखीचा, च्या प्यायला थांबला. मी आपलं सवयीनं म्हणलं, गाडी घे जरा काट्यावर. तो हसला, अरे नामदेवभाई, खाली गाडी का क्या तौलना? तरी घेतली. तर त्याच्या खाली गाडीच्या वजनापेक्षा अकरा क्विंटल जास्त! ताडपत्री वर केली तर आत जुनी लुगडी, फाटके स्वेटर, एकेका पायाच्या चपला, बुरशी आलेले पाव. सलीमभाई म्हणला, उधर कपड्यांचे ढीग लगे हैं रस्त्यावर, कोई हात नहीं लगाता, विहिरीत गाळ भरला है, प्यायला पानी नहीं, और हम लुगडी लेके फिरते.

ते सगळं मी घरी मायला सांगितलं. ती बाजेवर बसून ऐकत व्हती. मंग म्हणली, ती लहान असताना त्यांची वस्ती जळाली व्हती, आठ दिवस येवढ्या भाकरी आल्या की जनावरांनाबी घातल्या, आन् नवव्या दिवशी कोणी आलं न्हाई. घर परत उभं राहायला दोन वर्सं लागली, आन् त्या दोन वर्सांत कोणीच आलं न्हाई. तेव्हाच तिनं मला बजावलं, मी गेल्यावर माझ्या वर्षाला जेवणावळ घालायची न्हाई, पोस्टातले पैसे पुरातल्या लोकांना द्यायचे, पण आता न्हाई. आता सगळे देऊन राहिले. सगळे घरी गेल्यावर दे.

माघात माय गेली.

आता खरं अवघड काम माझ्या गळ्यात आलं. गौतम म्हणला, दादा, त्यात काय येवढं, मोबाईलवर पूरमदतीचा चौकोन येतो तो दाबायचा, साठ हजार गेले, फोटो काढून मोबाईलच्या गटावर टाकू. अक्काचं येगळंच. ती म्हणली, वर्षाच्या पुण्यानुमोदनाला वाड्यातल्या लोकांना जेवण न्हाई? लोक म्हणतील लेकांनी मायचे पैसे खाल्ले. मी म्हणलं, अक्का, मायनं सांगितलेलं हाय, आन् कुठं द्यायचे ते मी चौकशी करून सांगतो. तर ती काय म्हणावी? काटेवाल्या, आता मायचं पुण्यबी जोखतोस का? सगळे हसले. मीबी हसलो, पण मला लागलं ते. कारण भीती खरीच व्हती. हे पैसे एकदाच द्यायचे व्हते. चुकीच्या जागी गेले तर मायला विचारून दुसऱ्यांदा देता येणार न्हाई.

तर मी एक प्रश्न ठरवला, सगळ्यांना तोच विचारायचा. पुढच्या उन्हाळ्यात तुमचा माणूस त्या पुराच्या गावात असंल का? गौतमच्या मोबाईलवरच्या त्या चौकोनाखाली नंबर व्हता, त्यावर चार वेळा फोन केला, कोणी उचलला न्हाई, तो विषय तिथंच संपला. मंग नांदेडला एका मोठ्या संस्थेच्या हापिसात गेलो. तिथला साहेब चांगला माणूस निघाला, त्यानं पाणी दिलं, माझं ऐकून घेतलं आन् सरळ सांगितलं, न्हाई हो, आमी पहिला महिना काम करतो, तंबू, औषधं, जेवण, मंग दुसरीकडं संकट आलं की तिकडं जातो. मला त्याचा राग आला न्हाई. पहिला महिनाबी कोणीतरी पाहायलाच पाहिजे. माझ्या खिशातले पाचशे मी तिथं दिले, पावती घेतली. पण मायचं काम ते नव्हतं.

शेवटी सलीमभाईच म्हणला, मैं जहाँ गया था वहीं चलो ना. चैतात आमी दोघं गेलो. गावाचं नाव लिहू नका, त्या बायांना आवडायचं न्हाई. तिथल्या बचत गटाच्या कमलबाई, मराठ्यांच्या, पन्नाशीच्या, नवरा न्हाई, चार एकर वावर, त्यातलं दीड एकर पुरानं खरडून नेलेलं, खाली नुसता मुरूम. त्यांच्या गटानं गावातल्या विहिरींचा गाळ काढायचं काम धरलं व्हतं. मी जय भीम घातला, त्यांनीबी जय भीम केला, घोंगडी टाकली. मी माझा प्रश्न विचारला. पुढच्या उन्हाळ्यात तुमी असाल का? कमलबाई म्हणल्या, मंग कुठं जाऊ भाऊ? माझं वावर हितंच हाय.

त्यांनी वही काढली. अकरा विहिरी धरल्या, सात झाल्या. पण वाचायला सुरुवात केली ती न झालेल्या विहिरींपासून. दोन ढासळल्या, एकीच्या मालकानं मधातच नको म्हणलं, एक अजून हातात घेतलेली न्हाई. मी म्हणलं, बाई, पैसे देणाऱ्याला कोणी आधी असं सांगतं का? तर म्हणल्या, तुमी जाता जाता विहिरीत डोकावणारच हाव, तुमचं तोंडच सांगून राहिलं, मंग लपवू काहून? सलीमभाई येवढा हसला की कपातला च्या सांडला.

मी साठ हजार म्हणलं. त्या म्हणल्या, सगळे नका देऊ. पावसाळ्यात विहिरीचं काम होत न्हाई, पैसे पडून राहिले की गटात भांडणं लागतात. आता अर्धे द्या, काम पाहा, पटलं तर बाकीचे द्या. गौतमला मायच्या नावाची पाटी पाहिजे व्हती, तेबी मी बोललो. त्या म्हणल्या, लावू की, पण पाटीचे दोन हजार येगळे द्या, तेवढ्यात मोटारीचा पाईप येतो. गौतमला फोनवर सांगितलं तर म्हणला, राहू दे दादा, पाईपच घे.

तीस हजार दिले. आन् वैशाखात कमलबाईंचाच फोन आला. भाऊ, तुमच्या मायच्या पैशातली विहीर ढासळली, एका बाजूचं दगडी बांधकाम रातून आत गेलं, तवा आत कोणी नव्हतं, कोणाला लागलं न्हाई. दोन दिवसांत ही गोष्ट अक्काच्या कानावर गेली. ती फोनवर रडली, म्हणली, मायचे पैसे गाळात घातलेस तू. जेवण गोड लागंना. काट्यावर दोन पावत्या चुकल्या, बावीस वर्सांत पहिल्यांदा.

रविवारी गेलो. वाटलं, आता पुन्हा पैसे मागतील, न्हाई तर तोंड चुकवतील. तिथं पाहतो तर आठ-दहा बाया आन् तीन गडी विहिरीवर कामाला लागलेले. पडलेले दगड वर काढून रचलेले, नंबर टाकून, कारण तेच परत लावायचे व्हते. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं व्हतं की, गाळ एकदम उपसला म्हणून बाजू सुटली, हळू उपसायचा आन् खालून सिमेंटच्या गोल कड्या टाकत यायचं. कड्यांसाठी गटानं आपल्या बचतीतून पैसे घातले व्हते, मला मागितले न्हाई. कमलबाई गाळानं भरलेल्या, मला पाहून म्हणल्या, उभे काहून राहिले भाऊ, टोपलं धरा. मी धरलं. संध्याकाळपर्यंत धरलं. कंबर चार दिवस दुखली, पण काय सांगू तुमाला, त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

रोहिणी नक्षत्र निघायच्या आधी पाणी लागलं. आधी गढूळ, मंग चौथ्या-पाचव्या दिवशी नितळ.

यंदा माघात मायचं वर्ष झालं. घरी भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, वाड्यातल्या लोकांना च्या आन् खीर दिली, जेवण न्हाई. एक-दोघं कुजबुजले, मी कान दिला न्हाई. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणली, मला ती विहीर पाहायची हाय. विहीर ढासळली तवापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. गौतम, अक्का आन् मी गेलो. मोटार चालू व्हती, पाणी पाटानं हरभऱ्यात चाललेलं, हरभरा घाट्यांवर आलेला. कमलबाईंनी अक्काच्या पदरात डहाळ्याची पेंढी घातली, घरी लेकरांना भाजून द्या म्हणल्या. मंग त्या खरडलेल्या दीड एकराकडं बोट दाखवून म्हणल्या, तिथं आन् गटातल्या बाकीच्या बायांच्या खरडलेल्या वावरांत आता तळ्यातली माती टाकायची, दोन वर्सं लागतील, तवा कुठं जवारी येईल.

अक्का त्या तुकड्यात गेली, मूठभर मुरूम हातात घेऊन पाहिला. मंग माझ्याकडं वळली आन् म्हणली, नामदेव, बाकीचे तीस कव्हा द्यायचे? आन् माझे पाच त्यात धर.

ते मागच्या महिन्यात दिले. माती टाकणं चालू हाय, सलीमभाई आपल्या टेम्पोनं निम्म्या भाड्यात टाकून राहिला. मी महिन्यातून एक रविवार जातो, टोपलं धरतो, कमलबाई वही दाखवतात, आधी बिघडलेलं, मंग झालेलं. आता मला कसली धाकधूक न्हाई. जे हातात व्हतं ते बराबर जागी गेलं, पुढचं पाऊसपाणी आपल्या हातात न्हाई. त्या वावरांत जवारी येवो, त्या बायांची लेकरं पोटभर खावोत, आन् तुमीबी येवढं बसून ऐकलं, तुमचंबी चांगलं होवो.